घसरते उत्पन्न आणि मनाचे आरोग्य

नैराश्य, म्हणजे किमान दोन आठवडे टिकून राहणारी उदासी, कशातच रस न वाटणे आणि झोप व भूक बिघडणे, हा आजार गरिबांमध्ये अधिक आढळतो. परंतु गरिबीने नैराश्य येते की नैराश्याने माणूस कामाला मुकून गरीब होतो, हे एकदाच केलेल्या पाहणीतून ठरत नाही, त्यासाठी त्याच माणसांचे उत्पन्न बदलत असताना त्यांची मनःस्थिती तपासत राहावी लागते. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात अशा शंभराहून अधिक अभ्यासांचा आढावा मांडला. कमावत्या वयाच्या प्रौढांना उत्पन्नवाढीने मिळणाऱ्या दिलाशापेक्षा उत्पन्न घटल्याचा आघात मोठा असतो, असे त्यातून दिसले.

लातूर-नांदेडच्या कोरडवाहू शेतीत हा आघात वारंवार होतो, कारण येथील बहुतेक घरांत मोठी रक्कम दरमहा नव्हे, तर सोयाबीनची रास झाल्यावरच हाती येते. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलमागे दहा हजार रुपयांच्या घरात पोहोचले, तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांकडे माल उरलेला नव्हता आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. २०२४ मध्ये हमीभाव, म्हणजे सरकारने जाहीर केलेला किमान दर, ४,८९२ रुपये असताना माल त्याहून कमी दराने विकावा लागला, आणि २०२५ मध्ये तर अतिवृष्टीने उभी पिकेच गेली. आडत्याची उचल आणि हातउसने फेडण्याची मुदत मात्र पुढे सरकत नाही; त्या काळजीने झोप उडते, अपुऱ्या झोपेने कामाची उमेद आणि निर्णयशक्ती खालावते, आणि पुढच्या हंगामाचे उत्पन्न त्यामुळे आणखी घटते.

हे चक्र पैशाच्या बाजूनेही तोडता येते. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत मिळाल्यावर आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटले. म्हणूनच पीकविम्याची भरपाई वेळेवर मिळणे हा आरोग्याचाही प्रश्न मानला पाहिजे.

उपचाराची बाजू तितकीच महत्त्वाची आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने प्रशिक्षित गावकऱ्यांकरवी समुपदेशन सुरू केल्यावर, नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. मराठवाड्यात राज्य सरकारच्या 'प्रेरणा' प्रकल्पात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन मनःस्थितीची विचारपूस करतात. घरातील कमावत्या माणसाची झोप उडाली असेल, त्याने बोलणे कमी केले असेल, तर सरकारच्या 'टेली मानस' या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून कधीही बोलता येते. तो फोन घरच्यांनीही करावा.