मंगोलांचा वारसा आणि औरंगाबाद शहर

मराठी बखरींत, पोवाड्यांत आणि घरगुती बोलण्यातही ‘मोगल’ हा शब्द पदोपदी येतो. परंतु तो मूळचा कोठला, याचा विचार क्वचितच होतो. ‘मोगल’ हे ‘मंगोल’ या नावाचेच फारसीतून आलेले रूप होय. चीनच्या उत्तरेकडील गवताळ माळांवर मेंढरे व घोडे पाळून राहणाऱ्या लोकांचे हे नाव दख्खनपर्यंत आले आणि नावापाठोपाठ त्यांच्या राज्यरीतीतील दोन गोष्टीही आल्या. एकीने साम्राज्ये उभी राहिली, दुसरीने ती मोडली. आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, याच्या इतिहासात दोहोंच्या खुणा स्पष्ट दिसतात.

बाराव्या शतकाच्या अखेरीस त्या माळांवर अनेक टोळ्या एकमेकींशी झुंजत असत. एकीने दुसरीची गुरे हाकून न्यावीत आणि दुसरीने त्याचा सूड घ्यावा, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालू होता. तेमुजिन नावाच्या पुरुषाने या टोळ्या एका सत्तेखाली आणल्या. १२०६ मध्ये ओनोन नदीच्या परिसरात भरलेल्या ‘कुरुलताई’ नामक सभेत त्याला ‘चंगीझखान’ ही पदवी मिळाली. दहा, शंभर, हजार व दहा हजार अशा पथकांत सैन्य विभागण्याची रीत तिकडे पूर्वीपासूनच होती. चंगीझखानाने तिला नवा अर्थ दिला. ज्या टोळ्यांचा भरवसा नव्हता त्या फोडून त्यांची माणसे त्याने निरनिराळ्या हजारांत वाटून टाकली आणि अधिकारी नेमताना कुळापेक्षा निष्ठा व कर्तबगारी यांस अधिक मान दिला. त्यामुळे शिपायाचे इमान टोळीच्या नायकाकडून निघून खानाकडे आले.

या सैन्याने १२२० मध्ये बुखारा व समरकंद घेतले, १२५८ मध्ये बगदादची खिलाफत बुडविली आणि १२७९ मध्ये कुब्लाईखानाने दक्षिण चीनची उरलेली सत्ताही संपविली. या विजयांत असंख्य निरपराध माणसे मारली गेली. तथापि, जिंकलेल्या देशांचा वसूल केवळ तलवारीने गोळा होत नाही. त्यासाठी मंगोलांनी चिनी, उइगुर व इराणी कारभारी हाताशी धरले आणि टप्प्याटप्प्यावर घोडे व शिधा ठेवणारी ‘याम’ नावाची डाक बसविली.

एक प्रश्न मात्र त्यांना सुटला नाही. खानाच्या पश्चात गादी कोणाची? थोरल्या मुलाचीच, असा नियम नव्हता. चंगीझखानाच्या वंशातील कोणीही समर्थ पुरुष तिच्यावर हक्क सांगू शके. १२५९ मध्ये मोंगकेखान मरण पावताच कुब्लाई व अरिकबुका या त्याच्या भावांत युद्ध जुंपले. ते १२६४ पर्यंत चालले आणि पुढे चीन, मध्य आशिया, इराण व रशिया येथील खानांच्या चार सत्ता परस्परांपासून दुरावल्या.

मध्य आशियातील वारसा पुढे तैमूरकडे आला. तो चंगीझच्या वंशातला नव्हता. पण त्या वंशातील राजकन्येशी विवाह करून तो ‘गुरकान’, म्हणजे जावई, म्हणवून घेई. १५२६ मध्ये पानिपत जिंकणारा बाबर पित्याकडून तैमूरचा व मातेकडून चंगीझचा वंशज होता. गंमत अशी की, मंगोल लोकांविषयी बाबराचे मत चांगले नव्हते, आणि तरी त्याच्या घराण्याला नाव चिकटले ते त्यांचेच!

मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीला औरंगजेबाने १६५३ मध्ये औरंगाबाद हे नाव दिले. मोगली अमलाबरोबर मनसबदारीही दख्खनमध्ये आली. अकबराने ठरविलेल्या मनसबी दहापासून दहा हजारांपर्यंत होत्या. या आकड्यांत जुन्या मंगोल गणनेचाच वारसा इतिहासकारांना दिसतो. १६६६ मध्ये आग्र्यास शिवाजी महाराजांना पंचहजारी सरदारांच्या रांगेत उभे केले, तेव्हा ते संतापले. कारण त्यांच्या बालपुत्रासही तीच मनसब मिळालेली होती. तेच संभाजीराजे १६६७ मध्ये, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, शाहजादा मुअज्जम याच्या भेटीसाठी औरंगाबादेस आले. आज शहराला त्यांचेच नाव आहे.

दुसरा वारसाही याच शहरी प्रकट झाला. शाहजहान आजारी पडताच दख्खनचा सुभेदार औरंगजेब १६५८ च्या आरंभी येथूनच फौज घेऊन भावांशी लढावयास निघाला आणि त्यांना नाहीसे करून बादशहा बनला. १६८२ मध्ये तो दख्खनमध्ये परतला तो कायमचाच. अखेरची बरीच वर्षे त्याने मराठ्यांशी लढत छावणीत काढली. १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ मरण पावला आणि खुलदाबादेस त्याचे दफन झाले. त्याच वर्षी जाजऊच्या रणात मुअज्जम व आज्जम हे त्याचे पुत्र एकमेकांवर चालून गेले. आज्जम मारला गेला, मुअज्जम तख्तावर बसला. पण पाच वर्षांनी तोही वारला आणि त्याच्या मुलांत तेच युद्ध पुन्हा पेटले.

कर्तबगारास वर येऊ देणारी रीत सैन्यात मोठी उपकारक ठरते. तीच तख्ताला लावली, आणि निवाडा करणारी सर्वमान्य सभा नसली, म्हणजे प्रत्येक पिढीत कर्तबगारीची परीक्षा भावाच्या रक्ताने होते. चंगीझचे नातू आणि औरंगजेबाचे पुत्र यांच्यात साडेचार शतकांचे अंतर होते. परंतु राज्याचा वारस शांततेने ठरविण्याची युक्ती दोघांनाही साधली नाही.