कार्डाला घाम फुटतो तेव्हा

तारापूर एमआयडीसीत पाऊस लागला की माझ्या टेबलावर कार्डांची रांग लागते. बोईसरला माझं इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करायचं दुकान आहे. ड्राइव्ह, पीएलसी, वजनकाटे, वेल्डिंग मशीन, जे काही कारखान्यात बंद पडेल त्याचं कार्ड इथे येतं. उन्हाळ्यात येणारी कार्डं बहुतेक जळालेली असतात, पावसाळ्यात येणारी भिजलेली. कारखान्याचे लोक सांगतात, पॅनेलवर पाण्याचा एक थेंब पडलेला नाही. ते खरंच असतं. हे पाणी पत्र्यातून गळत नाही, ते हवेतून येतं. या पाण्याबद्दल मला आज लिहायचं आहे, कारण दर पावसाळ्यात चांगली यंत्रं त्यापायी मरतात आणि यातली बरीचशी वाचवता येतात.

हा विषय सर्वांत स्पष्ट कुठे दिसतो, तर कॉम्प्युटर गोठवून पळवणाऱ्यांच्या छंदात. पालघरचा इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी माझ्याकडे मदरबोर्ड घेऊन आला. म्हणाला, “काका, ड्राय आइसवर ओव्हरक्लॉक करत होतो. आधी मस्त चालला, मग स्क्रीन गेली ती गेलीच. थंडीने मेला का हो?” मी त्याला म्हटलं, “थंडीने नाही रे, ओलीने.”

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि व्होल्टेज वाढलं की उष्णता वाढते. सिलिकॉन जितकं थंड, तितका त्यातला विजेचा चोरटा गळता प्रवाह कमी आणि ट्रान्झिस्टरचं काम चपळ. म्हणून हे लोक प्रोसेसरवर तांब्याचं उभं भांडं घट्ट बसवतात, त्याला ते पॉट म्हणतात, आणि त्यात ड्राय आइस नाहीतर लिक्विड नायट्रोजन ओततात. ड्राय आइस उणे ७८.५ अंशांचा, लिक्विड नायट्रोजन उणे १९६ अंशांचा. २०११ साली एएमडीच्या एफएक्स-८१५० प्रोसेसरने अशा शर्यतीत ८.४२९ गिगाहर्ट्झचा वेग गाठला आणि गिनेस बुकात नाव लावलं. २०२२ च्या अखेरीस इंटेलच्या कोअर आय-नाइन १३९०० के या प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झची रेषा ओलांडली. या दोन्ही वेळी नायट्रोजनच्याही पुढे जाऊन उणे २६९ अंशांचं लिक्विड हेलियम वापरलं होतं.

लिक्विड नायट्रोजन आपल्या भागाला परका नाही. कृत्रिम रेतनासाठी जनावरांच्या डॉक्टरांकडे जे जाडजूड कंटेनर असतं, त्यात वळूच्या वीर्याच्या कांड्या याच नायट्रोजनमध्ये ठेवतात. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरळीकांचनला सुरू केलेल्या ‘बायफ’ने हे काम गावोगाव नेलं. तारापूरच्या केमिकल कारखान्यांतही नायट्रोजन रोजच्या कामाचा आहे. रिअ‍ॅक्टरमधली हवा हुसकावून आग आणि स्फोट टाळायला तो वापरतात. म्हणजे थंडी मिळवणं ही मोठी गोष्ट नाही. त्या थंडीत बोर्ड कोरडा ठेवणं, ही खरी विद्या.

हवेत वाफेच्या रूपात पाणी असतंच, आणि हवा जितकी गरम तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. जुलैमध्ये बोईसरला ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता ही नेहमीची बाब. अशा एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. ही हवा थंड करत नेली की साधारण २६ अंशांवर ती काठोकाठ भरते आणि त्याच्या खाली गेली की जादा पाणी सोडून देते. हा तिचा दवबिंदू. शून्य अंशावर त्याच हवेत ५ ग्रॅमसुद्धा पाणी राहत नाही. फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्याला बाहेरून जो घाम येतो, तो हाच. तांब्या गळत नसतो. आजूबाजूची हवा त्याच्यावर आपलं पाणी ठेवून जाते.

आता उणे १९६ अंशांच्या पॉटशेजारी काय होईल ते पाहा. पॉटवर तर लगेच बर्फ धरतो. बर्फ असेपर्यंत बोर्डाला धोका कमी असतो, कारण बर्फातून वीज फारशी वाहत नाही. घात होतो तो थोडा कडेला, जिथे तापमान शून्याच्या वर पण दवबिंदूच्या खाली असतं. तिथे पाणी पाणीच राहतं. आणि दुसरा घात होतो काम संपल्यावर, सगळा बर्फ वितळायला लागतो तेव्हा.

शुद्ध पाणी विजेचं वाईट वाहक आहे, हे शाळेत शिकवतात ते बरोबर आहे. पण कार्डावर पडलेलं पाणी शुद्ध राहत नाही. सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स, धूळ, हाताचा घाम, हवेतलं मीठ, सगळं त्यात विरघळतं आणि मग वीज वाहू लागते. वीज चालू असताना एका टोकाचा धातू विरघळून दुसऱ्या टोकाकडे सरकतो आणि मध्ये बारीक फांद्या वाढतात. भिंगाखाली त्या स्वच्छ दिसतात. एका पिनपासून निघालेली करडी रेघ, पुढे तिला फाटे, शेवटचा फाटा शेजारच्या पिनला टेकलेला. एलजीए १७०० नावाच्या सॉकेटमध्ये तळहातापेक्षा लहान जागेत १७०० टोकं असतात. तिथे फांदीला फार लांब जावं लागत नाही.

त्या मुलाच्या बोर्डात मला नेमकं हेच दिसलं. समोरच्या बाजूने त्याने मनापासून काम केलं होतं. सॉकेटभोवती व्हॅसलिन होतं, वर काळा फोम होता. पण बोर्ड उलटा केला तर सॉकेटची मागची बाजू उघडी. तांब्याच्या पॉटची थंडी बोर्डातून आरपार जाते हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. शिवाय रॅमच्या स्लॉटजवळ फोमला बोटभर फट होती. त्या फटीतून हवा आत गेली, आतल्या थंड भागावर पाणी झाली आणि फोममुळेच तिथून सुकली नाही. बोर्ड धुऊन, वाळवून चालू झाला, पण रॅमचा एक स्लॉट कायमचा गेला.

हे काम नीट करणारे कसं करतात ते सांगतो. आधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवायचा, कारण मळावर कोटिंग मारलं तर मळ आत कोंडला जातो. मग सॉकेट, स्लॉट आणि कनेक्टर कॅप्टॉन टेपने झाकायचे. उरलेल्या बोर्डावर अ‍ॅक्रिलिक कोटिंगचे पातळ हात द्यायचे. सुकल्यावर त्याची जाडी ३० ते १३० मायक्रॉन असावी असं इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचं मानक सांगतं. चांगल्या कोटिंगमध्ये एक द्रव्य मिसळलेलं असतं, त्यामुळे यूव्ही टॉर्च मारली की कोटिंग निळसर चमकतं आणि राहिलेली जागा काळी दिसते. मी प्रत्येक कार्ड दिवा बंद करून असं तपासतो. पिनच्या धारेवर कोटिंग नेहमी पातळ बसतं, तिथे पुन्हा ब्रश फिरवावा लागतो.

कोटिंग झाल्यावर सॉकेटभोवती आणि स्लॉटमध्ये व्हॅसलिन भरतात. ते वीज वाहू देत नाही, पाण्याला जागा देत नाही. काही जण त्याऐवजी चित्रकार वापरतात तो मळून मऊ होणारा खोडरबर दाबून बसवतात. तो काढायला सोपा आणि बोर्ड चिकट होत नाही. त्यावर एसीच्या कॉपर पाइपवर असतो तो काळा नायट्राइल फोम, नेमक्या मापाने कापून, पुढून आणि मागूनही. या फोममधली भोकं एकमेकांना जोडलेली नसतात, म्हणून त्यातून हवा पलीकडे जात नाही. गादीचा स्पंज इथे उपयोगाचा नाही, तो हवाही घेतो आणि पाणीही. पॉटभोवती टिश्यू पेपर गुंडाळतात आणि ओला झाला की बदलतात. शेवटी, काम संपल्यावर पॉट सावकाश गरम करून खोलीच्या तापमानावर आणायचा, मगच सगळं उघडायचं आणि पंख्याखाली वाळवायचं.

या सगळ्या थरांचं तत्त्व एकच आहे. इन्सुलेशन थंडी अडवायला असतं असं आपण समजतो. इथे त्याचं पहिलं काम हवा अडवणं हे आहे. दमट हवा थंड जागेपर्यंत पोचलीच नाही तर पाणी होणार कुठे? म्हणून फट असलेलं इन्सुलेशन हे इन्सुलेशन नसण्यापेक्षाही वाईट.

छंद करणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. लिक्विड नायट्रोजनचं वाफ होताना आकारमान जवळपास ७०० पट होतं. तो गॅस दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो खोलीतला ऑक्सिजन बाजूला सारतो. माणूस गुदमरतोय हे त्याला स्वतःलाही कळत नाही. तारापूरच्या कारखान्यात व्हेसलमध्ये उतरण्याआधी परमिट आणि ऑक्सिजनची तपासणी लागते ती यासाठीच. तेव्हा दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत, एकट्याने, बंद झाकणाच्या बाटलीत घेऊन हा प्रयोग कधीही करू नका.

आता आपल्या कारखान्यांकडे वळू. इथे कोणी उणे १९६ अंशांवर जात नाही, पण दवबिंदू २६ अंशांचा असताना कंट्रोल रूमचा एसी २० वर लावलेला असतो. त्या खोलीतलं गार कार्ड उचलून शॉपफ्लोअरवर नेलं आणि लगेच जोडलं, की ते नायट्रोजनच्या पॉटइतकंच ओलं व्हायला मोकळं असतं. पॅनेल एसी चालू असताना दार उघडं टाकलं की तेच. शटडाउनमध्ये पॅनेलची वीज बंद केली, आतली ऊब गेली, की सोमवारी सकाळी स्विच टाकताच ठिणगी.

त्यात आपला किनारा. दमण-डहाणूपासून चिंचणी, नवापूर, सातपाटी, केळव्यापर्यंत हवेत मीठ आहे. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. म्हणजे मिठाची धूळ बसलेलं कार्ड दवबिंदूची वाटही पाहत नाही, गार नसतानाही ओलं होतं. सातपाटीच्या बोटींवरचे जीपीएस आणि वायरलेस सेट याच मिठाने जातात. केमिकल कारखान्यांच्या आवारात भर पडते ती आम्लांच्या वाफांची आणि गंधकाच्या गॅसची. तिथे तांबं काळं पडतं आणि चांदीचा मुलामा असलेले रिलेचे पॉइंट खराब होतात.

हवा कार्डांना कितपत खाते हे मोजता येतं. आयएसए ७१.०४ या मानकाप्रमाणे तांब्याची स्वच्छ पट्टी महिनाभर खोलीत टांगून ठेवतात. तिच्यावर ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी थर बसला तर हवा सौम्य, त्याहून जास्त तर उपाय करायला हवा. महागडा ड्राइव्ह बदलण्याआधी ही पट्टी टांगावी, असं मी प्रत्येक मेंटेनन्सवाल्याला सांगतो.

तुम्ही प्लांटमध्ये असाल तर पावसाळ्यात चार गोष्टी कराच. पॅनेलचा स्पेस हीटर शटडाउनमध्येही चालू ठेवा, तो विजेची उधळपट्टी नव्हे. केबल ज्या भोकांतून आत येतात त्या ग्लँड घट्ट बंद करा. स्पेअर कार्ड एसी स्टोअरमधून आणलं तर बंद पिशवीतच ठेवून बाहेरच्या तापमानावर येऊ द्या, मग पिशवी फोडा. आणि नवीन कार्ड मागवताना कोटिंग केलेलं मागा. तुम्ही घरी असाल तर एवढंच करा: एसीच्या गाडीतून किंवा खोलीतून काढलेला कॅमेरा, लॅपटॉप दमट हवेत आणला की लगेच चालू करू नका, अर्धा-पाऊण तास थांबा. ओलं कार्ड बहुतेक वेळा वाचतं. ओलं असताना त्याला वीज दिली तर मात्र माझ्यासारख्याच्या हातात फारसं काही उरत नाही.