गॅलरीतला मोगरा

गिरगावातल्या आमच्या चाळीला बाग नव्हती, गॅलरी होती. वाळत घातलेले कपडे आणि पाण्याचं पिंप यांच्यामधून जागा काढून आमच्या हिनं तिथे कुंडीत मोगरा लावला होता. चैत्रात फुलं आली की पहिली ओंजळ देवाला, दुसरी शेजारच्या काकूंना आणि तिसरी स्वतःच्या वेणीला, असा तिचा हिशेब. मी बँकेतला माणूस. पण घरातला ताळेबंद तिचाच.

ती गेली. मी झाडाला पाणी मात्र न चुकता घातलं. जरा जास्तच घातलं. झाड हिरवंगार झालं, फांद्या कठड्याबाहेर लोंबू लागल्या, पण चैत्र संपला तरी फूल एकही नाही. दुसऱ्या वर्षीही तेच. पहाटे दादरच्या फुलबाजारात मोगऱ्याच्या राशी दिसल्या की मी मान फिरवून पुढे जाई.

शेवटी राणीच्या बागेतल्या वार्षिक पुष्पप्रदर्शनात एका म्हाताऱ्या माळीदादांना विचारलं.

"छाटता का?" ते म्हणाले.

मी गप्प. तिनं वाढवलेल्या फांदीला कात्री लावायची कशी?

मोगऱ्याला कळी धरते ती नव्या फुटीवर, हे त्यांनी समजावलं. थंडी सरताना, फेब्रुवारीच्या सुमाराला, काही दिवस पाणी तोडायचं. फांद्या छाटायच्या, जुनी पानं काढायची. वरची माती हलवून शेणखत घालायचं आणि मग पाणी सुरू करायचं. रोज पाच-सहा तास ऊन हवंच. लंडनला असलेली माझी मुलगी फोनवर तिच्या प्रिम्युलाचं कौतुक सांगते. वसंतात फुलणाऱ्या त्या झाडाला गारवा लागतो, कडक उन्हाळा सोसत नाही. आपल्या मोगऱ्याचं उलटं. तो उन्हानंच खुलतो.

घरी येऊन कात्री लावली. हात थरथरला, खोटं कशाला सांगू? आठवडाभर नुसत्या काटक्या दिसत होत्या. मग पोपटी फूट आली आणि गुढीपाडव्यानंतर कळ्या.

पहिली ओंजळ देवाला वाहिली, दुसरी काकूंना दिली. तिसरी हातात घेऊन दारात उभा राहिलो. तेवढ्यात काकूंची सून ऑफिसला निघाली.

"घे गं."

"काका, माझे केस एवढेसे! गजरा कुठे माळू?" ती हसली. तरीही रुमाल पुढे केला, फुलं बांधून घेतली आणि लोकल गाठायला पळाली.

जिन्यात बराच वेळ वास रेंगाळत होता.