टीवायच्या दिवाळीपूर्वी : बी.एस्सी.नंतरच्या शिक्षणाचं वेळापत्रक

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या मुलाला एप्रिलमध्ये ‘पुढे काय?’ असं विचारलं, की ‘आधी परीक्षा होऊ दे, निकाल लागला की बघू’ हे उत्तर हमखास मिळतं. घरच्यांनाही ते पटतं. अडचण एवढीच, की तोवर बरीचशी दारं बंद झालेली असतात. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीच्या ‘जॅम’ परीक्षेचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरले जातात, परीक्षा फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये लागतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा सहसा डिसेंबरात असते. केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी-पीजी मार्चच्या आसपास. म्हणजे पुढच्या शिक्षणाचा पहिला अर्ज टीवायच्या दिवाळीपूर्वीच भरावा लागतो. त्यामुळे पदवीचं वेळापत्रक शेवटाकडून सुरुवातीकडे वाचलं, तर कोणत्या वर्षी काय करायचं ते नीट दिसतं.

पहिलं वर्ष : कोणता विषय सोडायचा?

नाशिकची विज्ञान महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. एफवायला तीन विषय घ्यायचे, एसवायला त्यातला एक मुख्य, एक दुय्यम ठरवायचा आणि तिसरा सोडायचा, असा तिचा साधारण ढाचा आहे. स्वायत्त महाविद्यालयांत तपशील थोडे वेगळे असू शकतात.

हा सोडायचा विषय पुष्कळदा ‘कुणाचे मार्क सोपे’ या हिशेबाने ठरतो आणि बहुतेक वेळा बळी जातो गणिताचा. निर्णय घेण्यापूर्वी जॅमचा अभ्यासक्रम एकदा उघडून पाहावा. भौतिकशास्त्राच्या पेपरात गणिती पद्धतींना स्वतंत्र विभाग आहे. रसायनशास्त्राच्या पेपरातही भौतिक रसायनाच्या भागात कलन, अवकल समीकरणं, सारणी यांची तोंडओळख अपेक्षित असते. जैवतंत्रज्ञानाच्या पेपरालाही गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र चुकत नाही. गणित दुय्यम विषय म्हणून घेता येत नसेल, तर निदान त्याची वही बंद करू नये.

दुसरं वर्ष : सुट्टीची तयारी हिवाळ्यात

एसवायनंतरची उन्हाळी सुट्टी ही पदवीच्या काळातली सगळ्यात उपयोगी सुट्टी. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. निवड झाली, तर सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळतं. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ‘नायस’ हा उपक्रम चालवतं. गणिताच्या मुलांसाठी १९९३ पासून ‘एमटीटीएस’ची शिबिरं भरतात, शिवाय माधव गणित स्पर्धा आहे. उन्हाळ्यातल्या या जागांचे अर्ज मात्र हिवाळ्यात येतात. अकादमींच्या फेलोशिपसाठी छोटं टिपण आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं.

शिफारसपत्राची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ‘विद्यार्थी हुशार व नम्र आहे’ एवढंच लिहिलेलं पत्र निवडसमितीच्या काही उपयोगाचं नसतं. या मुलाने प्रॅक्टिकलला आलेलं चुकीचं वाचन का आलं ते शोधून काढलं, असं काहीतरी ठोस लिहायचं, तर सरांना किंवा मॅडमना ते आधी दिसलेलं असायला हवं. म्हणून जर्नलवर सही घेऊन निघून जाण्याऐवजी एखादा प्रश्न विचारायला थांबावं. वर्षभरात असे चार-पाच प्रश्न झाले, की पत्रात लिहायला मजकूर आपोआप जमतो.

आपल्या कॉलेजात मोठी उपकरणं नाहीत, ही सबबही तपासून पाहावी. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांच्याकडे फक्त बी.एस्सी.ची पदवी होती. त्यांनी शोधलेली ही गंमत करून पाहा : चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि वजाबाकी करा. ३५२४ घेतली, तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुढे ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा केलं तरी ६१७४च येतं आणि कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचते. सातच का? पाच अंकी संख्यांचं काय होतं? संगणकावर वीसेक ओळींचा प्रोग्राम लिहून एसवायचा विद्यार्थी याचा चांगला प्रकल्प करू शकतो.

प्रत्यक्ष संशोधन पाहायचं, तर नाशिककरांना पुण्याचा रस्ता आहेच. त्याच रस्त्यावर नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती सर्वांसाठी खुली असते. पुढे पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर, आयुका आहेत.

तिसरं वर्ष : पेपरची जात ओळखा

विद्यापीठाच्या परीक्षेत सिद्धता लिहा, टिपा द्या, फरक सांगा असे प्रश्न येतात. जॅमचं तसं नसतं. तीन तास, साठ प्रश्न, शंभर गुण. तीस प्रश्न एका अचूक पर्यायाचे, पन्नास गुणांचे. यातच चुकीला गुण कापले जातात. दहा प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि ते सगळे ओळखले तरच गुण. उरलेल्या वीस प्रश्नांना पर्यायच नसतात, संख्या काढून भरायची. म्हणजे निम्म्या गुणांना ऋण गुणांची भीती नाही, पण अंदाजपंचे ठोकायलाही तिथे फारसा वाव नाही. गाईड वाचून ही तयारी होत नाही, रोज थोडी गणितं सोडवूनच होते. मागच्या वर्षांचे पेपर उपलब्ध असतात. एसवायच्या सुट्टीतच त्यातला एक घड्याळ लावून सोडवला, की आपली कच्ची बाजू कळते.

आयआयटींत जॅममधून सुमारे तीन हजार जागा भरतात. एनआयटी आणि इतर संस्थाही याच गुणांवर प्रवेश देतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बी.एस्सी.नंतर थेट एकात्मिक पीएच.डी.ला याच परीक्षेतून जाता येतं. मात्र टीवायला एखादा विषय राहिला आणि एटीकेटीत अडकला, तर हाती आलेली जागाही जाऊ शकते. त्यामुळे कॉलेजच्या पेपरांकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

चौथं वर्ष घ्यावं का?

आता तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येते. पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के असतील, तर ‘संशोधनासह ऑनर्स’ हा पर्याय खुला होतो. चार वर्षांनंतर एम.एस्सी. एका वर्षाची, म्हणजे तीन अधिक दोन काय आणि चार अधिक एक काय, बेरीज पाचच. शिवाय चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असले, तर एम.एस्सी. न करताही पीएच.डी.साठी पात्र ठरता येतं.

निवड करताना आपल्या विभागाकडे पाहावं. तिथे पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक आणि चालती प्रयोगशाळा असेल, तर चौथं वर्ष सार्थकी लागतं. नसेल, तर तिसऱ्या वर्षानंतर दोन वर्षांच्या एम.एस्सी.साठी चांगल्या जागी जाणं बरं.

घरच्यांचा प्रश्न

‘किती वर्षं शिकणार?’ या प्रश्नामागे खर्चाची काळजी असते आणि ती रास्त आहे. तिला आकड्यांनीच उत्तर द्यावं. सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा रसायन, भौतिक, गणिती, जीव आणि भू-विज्ञान या पाच विषयांत होते. त्यात कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडं मिळतं. पहिल्या दोन वर्षांनंतर ही रक्कम ४२,००० होते. म्हणजे घरून पैसे लागतात ते प्रामुख्याने एम.एस्सी.पर्यंत. पहिल्या झटक्यात जॅम जमली नाही, तर पुणे विद्यापीठात किंवा नाशिकमध्येच एम.एस्सी. करून नेटच्या वाटेने याच फेलोशिपपर्यंत जाता येतं. ती वाट धरणाऱ्यानेही एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी नेटचे जुने पेपर सोडवायला घ्यावेत, कारण त्या परीक्षेचे अर्जही निकालाची वाट पाहत थांबत नाहीत.