जपानी चित्रकारांचे बोलपट

धान कापून घरात आले, दिवाळी उरकली, म्हणजे भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडईचे दिवस येतात आणि झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र रंगू लागतात. ज्यांनी ही नाटके पाहिली आहेत त्यांना एक गोष्ट निराळी सांगावयास नको. मागे सोडलेला रंगीत पडदा, मग त्यावर राजवाडा असो की अरण्य, हा नटाच्या पाठीशी टांगलेला नुसता कपडा नसतो. प्रेक्षकाचे मन आधी त्या पडद्यात शिरते आणि मग नटाचे बोलणे ऐकते. जपानी चित्रकारांच्या बोलपटांविषयी आज मी जे सांगणार आहे, ते ध्यानात येण्यास हा पडदाच उपयोगी पडेल.

आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित घरांत हे चित्रपट ‘मुलांची कार्टुने’ एवढ्या दोन शब्दांत निकालात निघतात. नागपूरला जपानी चित्रपट लागला आहे असे मुलीने म्हणावे, आणि वडीलमंडळींनी उत्तर द्यावे की साठ किलोमीटर जाऊन कार्टून काय पाहावयाचे, थोड्या दिवसांनी मोबाईलवर दिसेलच! हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. चार माणसांची तिकिटे, जाण्यायेण्याचा खर्च आणि रविवारचा सबंध दिवस, हे सारे हिशेबात धरावेच लागते. तेव्हा मोबाईलवर जे दिसते ते आणि चित्रपटगृहात जे दिसते ते एकच असते काय, हे पाहिले पाहिजे.

चित्रपटाच्या पडद्यावरून दर सेकंदास 24 चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीसाठी नवे चित्र काढावयाचे म्हटले तर दीड तासाच्या चित्रपटास सव्वा लाखाहून अधिक चित्रे लागतील. जपानात 1963 पासून दूरचित्रवाणीसाठी दर आठवड्यास अशी चित्रमालिका देण्याची प्रथा पडली, तेव्हा इतका खर्च कोणासच झेपण्यासारखा नव्हता. एकच चित्र दोन किंवा तीन चौकटींपर्यंत तसेच ठेवावयाचे, पात्र स्तब्ध उभे करून केवळ ओठ हलवावयाचे, अशी काटकसर तेथील कलावंतांनी अंगवळणी पाडून घेतली. या काटकसरीतूनच पुढे त्यांचा विशेष घडला. पात्र जर निश्चल उभे राहणार, तर त्याच्या मागील आभाळ, भिंतीवरची उन्हाची तिरीप, रस्त्यावरचे पाण्याचे डबके यांनी प्रेक्षकाची नजर धरून ठेवली पाहिजे. पात्रे पारदर्शक पत्र्यावर रंगवीत आणि मागील देखावा स्वतंत्र कागदावर निराळाच चित्रकार रंगवी. पुढे संगणक आला तरी ही कामाची विभागणी बहुतांशी राहिली. हालचालीत वाचविलेले श्रम देखाव्यात ओतले गेले, असे म्हणावयास हरकत नाही. हा जुगार क्वचित उलटाही खेळला गेला. 1988 च्या ‘अकिरा’मध्ये हालचालीतही हात आखडला नाही, आणि त्यासाठी एक लाख साठ हजारांहून अधिक पारदर्शक चित्रे खर्ची पडली.

त्याच वर्षी हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर तोतोरो’ आला. त्याचे देखावे काझुओ ओगा यांच्या देखरेखीखाली रंगले. त्यातली भाताची खाचरे, पाण्यात पडलेले ढग आणि बांधावरचे गवत ज्याने रोवणीच्या दिवसांत भंडाऱ्याच्या बांध्या पाहिल्या आहेत त्याला परकी वाटणार नाहीत. मोबाईलच्या चार बोटे रुंदीत ही खाचरे म्हणजे एक हिरवा डाग होतो. माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हजारो चाहत्यांनी मागणी केल्यामुळे ऑक्टोबर 2019 मध्ये भारतातील चित्रपटगृहांत लागला. त्यात तोकियोवर पाऊस थांबण्याचे नावच घेत नाही. कथा मला थोडी कच्चीच वाटते. परंतु तो पाऊस पाहावयास पडदाही आभाळाएवढाच हवा.

या बाबतीत सर्वांत बोलका दाखला आपल्या रामकथेचाच आहे. 1983 मध्ये युगो साको हे जपानी निर्माते, डॉ. ब. ब. लाल यांच्या उत्खननावरील माहितीपटाच्या निमित्ताने भारतात आले आणि रामायणाच्या नादी लागले. जपानी चित्रकारांच्या हातून राम उतरावयाचा, तर धोतराच्या निऱ्या, नमस्काराची ढब, जमिनीवर मांडी घालून बसणे, हे सारे त्यांना कोणी तरी शिकविणे प्राप्त होते. कोइची सासाकी यांच्या जोडीला आपले राम मोहन दिग्दर्शक म्हणून आले. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात 1956 पासून ज्यांची उमेदवारी झाली, तेच हे राम मोहन. सुमारे एक लाख हाती काढलेल्या चित्रांतून सव्वादोन तासांचा चित्रपट उभा राहिला. वनराज भाटिया यांनी त्याला संगीत दिले. 1993 मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला, पण चित्रपटगृहांत त्याचा म्हणावा तसा प्रसार झाला नाही. आपल्याकडील एका सबंध पिढीने तो घरच्या दूरचित्रवाणीवर, जाहिरातींच्या मधून मधून पाहिला आणि त्यावर प्रेमही केले. पुढे 24 जानेवारी 2025 रोजी तो नव्याने स्वच्छ करून देशभरच्या चित्रपटगृहांत आणला गेला, तेव्हा त्या पिढीतील माणसे आपापली मुले घेऊन गेली. लहान पडद्यावर कुंभकर्ण हा एक जाडा राक्षस होता. मोठ्या पडद्यावर तो रणांगणात येतो तेव्हा वानरसेना मुंग्यांसारखी दिसते, आणि चित्रकाराला जे सांगावयाचे होते ते तेवढेच होते. लंकादहनातील आगीचीही तीच गोष्ट. रामाचा मुक्काम झाला असे सांगतात ते रामटेक आपल्या शेजारीच आहे. परंतु त्या अरण्याचे असे चित्र आपल्याला जपान्यांनी काढून द्यावे, ही गोष्ट मनाला थोडी टोचते. दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखविली होती, आणि 1915 मध्ये आगकाड्या नाचविल्या होत्या. म्हणजे बी आपल्याकडेही पडले होते. पाणी घालणारे मात्र थोडे निघाले.

एक सावधगिरीची सूचना. चित्रे आहेत म्हणून सर्वच चित्रपट बालकांसाठी आहेत असे समजू नये. इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा 1945 च्या बॉम्बवर्षावात पोरक्या झालेल्या भावाबहिणीचा चित्रपट मोठ्यांनाही सोसवत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये गर्दी खेचणाऱ्या ‘डिमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’मध्ये तलवारीचे घाव आणि रक्त भरपूर आहे. तिकीट काढण्यापूर्वी प्रमाणपत्र वाचावे.

जावयाचे ठरलेच तर शेवटची रांग न घेता मधली घ्यावी, म्हणजे देखावा दोन्ही डोळ्यांत भरतो. हिंदी आवाजाचा खेळ असेल तर प्रथम तोच पाहावा. जपानी आवाजाच्या खेळात खालची अक्षरे वाचण्यात नजर गुंतते आणि वरचे आभाळ निसटून जाते. जाणकार मंडळी यावर नाके मुरडतील; त्यांनी दुसऱ्यांदा जावे.