जीव देऊं पाहणाऱ्याशीं कसें बोलावें

लंडन शहराच्या जुन्या भागांत सेंट स्टीफन वॉलब्रुक नांवाचें एक प्रार्थनामंदिर आहे. १९५३ सालच्या नोव्हेंबरांत तेथील धर्मोपदेशक चॅड वॅरा यांनीं एका टेलिफोनपाशीं बैठक मांडली. आत्महत्येचा विचार मनांत घोळत असलेल्या कोणाही मनुष्यानें तेथें यावें किंवा टेलिफोन करावा, असें त्यांनीं जाहीर केलें होतें. या उद्योगाचें मूळ १९३५ सालांत होतें. त्या वर्षीं लिंकन येथें चौदा वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधि करण्याचें काम त्यांच्याकडे आलें. ऋतुप्राप्ति झाली असतां आपल्याला कांहीं लाजिरवाणा रोग जडला, अशा समजुतीनें त्या मुलीनें प्राण दिला होता. दोन शब्द समजावून सांगणारें माणूस तिला भेटलें नाहीं, ही गोष्ट वॅरा यांच्या मनाला लागून राहिली.

वॅरा यांच्या दारीं गर्दी वाढली. पाळी येईपर्यंत या लोकांना चहा देऊन त्यांच्यापाशीं बसण्याकरितां कांहीं सेवाभावी स्त्रीपुरुष येऊं लागले. हीं माणसें ना वैद्य होतीं, ना उपदेशक. परंतु थोड्याच महिन्यांत असें दिसून आलें कीं, बाहेर मन मोकळें केलेल्या पुष्कळांना आंत जाऊन सल्ला घेण्याची गरजच उरत नसे. वॅरा खरोखर मोठ्या मनाचे. १९५४ च्या फेब्रुवारींत त्यांनीं टेलिफोनचें काम या मंडळींच्या स्वाधीन केलें. 'समॅरिटन्स' ही संस्था अशी उभी राहिली. चेन्नईस १९८६ सालीं डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनीं स्थापिलेली 'स्नेहा' ही संस्थाही याच वळणाची.

ऐकण्याला शिक्षण कशास हवें, असें कोणी म्हणेल. पण खचलेला मनुष्य बोलूं लागला कीं घरोघर काय घडतें तें पाहावें. "असें अभद्र बोलूं नये," "तुला काय कमी आहे?", "मुलांकडे तरी पाहा," हीं उत्तरें ठरलेलीं. बोलणाऱ्याचा हेतु चांगलाच असतो. परंतु ऐकणारा एवढेंच समजतो कीं, येथें आपलें दुःख सांगण्याची सोय नाहीं, आणि गप्प बसतो. ही संवय मोडणें हा शिक्षणाचा पहिला भाग.

दुसरा भाग अधिक अवघड. "जीव द्यावा असें मनांत येतें का?" हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावयाचा. विचारल्यानें नसता विचार डोक्यांत शिरेल, ही भीति सार्वत्रिक आहे. मात्र आजवरच्या संशोधनांत तिला आधार मिळालेला नाहीं. उलट, कोणी तरी विचारलें याचाच पुष्कळांना दिलासा वाटतो. कॅनडांतील कॅल्गरी शहरीं १९८३ पासून वाढलेल्या दोन दिवसांच्या शिक्षणक्रमांत शिक्षक, पोलीस, परिचारिका, गृहिणी अशा सर्वांकडून हा प्रसंग प्रत्यक्ष वठवून घेतात, कारण तें वाक्य उच्चारतांना पहिल्या खेपेस जीभ अडखळतेच. उत्तर होकारार्थी आलें तर त्या मनुष्यास एकटें सोडूं नये. गुप्ततेचें वचन देऊं नये. घरांतील औषधें, कीटकनाशकें त्याच्या हातीं लागणार नाहींत असें करावें. आणि डॉक्टरकडे स्वतः बरोबर जावें. साधनें दूर करण्याचें महत्त्व मोठें आहे, कारण मरणाची तीव्र ऊर्मि बहुधा थोड्या वेळाची असते. श्रीलंकेनें १९९५ व १९९८ मध्यें अत्यंत विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली. २००५ पर्यंत तेथील आत्महत्यांचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें.

डॉक्टरांनाही हें शिक्षण लागतें. गॉटलंड या स्वीडनच्या बेटावर १९८३-८४ मध्यें तेथील डॉक्टरांना विषण्णतेचा विकार ओळखण्याचे व त्यावरील उपचारांचे पाठ देण्यांत आले. त्यानंतर आत्महत्या घटल्या. पण तीन-चार वर्षांत आंकडा पुन्हां चढला, कारण शिकलेले पुष्कळ डॉक्टर बेट सोडून गेले होते आणि पाठ पुन्हां दिले गेले नव्हते. बेट लहान, तेव्हां या आंकड्यांवर फार मोठी इमारत रचूं नये. तरी एक गोष्ट चटका लावणारी आहे: ही घट मुख्यतः स्त्रियांत झाली. पुरुष आपलें दुःख घेऊन डॉक्टरपर्यंत गेलेच नाहींत. तेव्हां असे पुरुष ज्यांना रोज भेटतात, त्या मित्रांना, कारखान्यांतील मुकादमांना, वसतिगृहांच्या अधीक्षकांना शिकविणें ओघानेंच आलें.

भारतांत २०२२ सालीं १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकीं २२,७४६ महाराष्ट्रांतील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. आत्महत्येचा प्रयत्न हा दीर्घकाळ गुन्हा होता, त्यामुळें घरचीं माणसें पोलिसांच्या धास्तीनें तो लपवीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें अशी व्यक्ति तीव्र तणावाखालीं होती असें गृहीत धरलें, आणि १ जुलै २०२४ पासून जुनें कलम ३०९ उरलें नाहीं. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठीं केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. अशा प्रसंगीं सल्ला हवा असल्यास शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते. तेथें मराठींतही बोलतां येतें, आणि दुसऱ्याविषयीं काळजी वाटणाऱ्या मनुष्यानेंही तेथें विचारावें.