वजन हळू उतरते, हिंमत सोडू नका



चामोर्शी तालुका धानाचा. रोवणी-कापणी करणाऱ्याच्या अंगावर चरबी कशी चढेल, असे कोणीही म्हणेल. पण आता चिखलणी ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने होते आणि बांधीवर जायला मोटारसायकल असते. धान घरात आले की अनेक घरांत पुढचे काही महिने अंगमेहनत कमी होते; ताटातला भात मात्र तेवढाच राहतो. मग चाळिशीनंतर पोट सुटते, गुडघे दुखतात आणि तपासणीत साखर किंवा रक्तदाब वाढलेला निघतो.

डॉक्टर वजन कमी करायला सांगतात. माणूस उमेदीने सुरुवात करतो. दोन आठवड्यांनी काटा पाहतो, तर तो जागचा हललेला नसतो. "आपल्या अंगाला हे लागू पडत नाही," असे म्हणून तो सारे सोडून देतो. हे का होते, ते समजून घेऊ.

खताचा मांडतो तसा याचाही हिशेब मांडावा. अंगावरची एक किलो चरबी उतरायला सुमारे 7,700 कॅलरी कमी पडाव्या लागतात. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येक कपात तीन चमचे साखर धरली, तर सुमारे 60 ग्रॅम साखर, म्हणजे 240 कॅलरी होतात. सुमारे 70 ग्रॅम तांदळाचा भातही जवळपास तेवढाच. यातले एक रोज कमी केले, तर महिन्याला जेमतेम एक किलो उतरते, म्हणजे आठवड्याला पाव किलो. पुढे हा वेगही मंदावतो, कारण हलके झालेले शरीर कमी ऊर्जा खर्च करते. त्यात तुमची चूक काहीच नाही.

आता पाण्याचे पाहा. एक लिटर पाणी प्यालात की काटा एक किलोने चढतो. उन्हात घाम गाळलात की तेवढाच उतरतो. चरबी दोन्ही वेळा तेवढीच असते. म्हणून रोज वजन करू नये. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी उपाशीपोटी आणि एकाच काट्यावर करावे. आकडा वहीत तारखेसह लिहावा आणि चार आठवड्यांचे आकडे एकत्र पाहावेत. सोबत एक सुतळी ठेवावी. बेंबीजवळ पोटाचा घेर मोजून गाठ मारावी आणि महिन्याने पुन्हा मोजावा. पुरुषांचा घेर 90 सेंटिमीटर व बायकांचा 80 सेंटिमीटरच्या आत असलेला बरा.

काटा हललाच नाही, तरी कष्ट वाया जात नाहीत. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 भारतीयांचा सुमारे तीन वर्षे अभ्यास केला. तो 2006 साली प्रसिद्ध झाला. नेहमीसारखे राहिलेल्यांपैकी शंभरात 55 जणांना मधुमेह झाला. चालणे वाढवून साखर, तूप-तेल कमी करणाऱ्यांत तो 39 जणांना झाला. विशेष म्हणजे, या दुसऱ्या गटाचे वजन फारसे उतरलेच नव्हते! रोवणीनंतर आठ-दहा दिवस धान पिवळे दिसते, पण खाली मुळे धरत असतात. तसेच हे.

घरच्यांची साथ हवी. उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून घरची बाईच तो संपवते. त्यापेक्षा तांदूळ मोजूनच शिजवावा. ताटात वरण, आंबाडीसारखी भाजी वाढवावी, भाताची एक वाढ कमी करावी. रोज अर्धा तास भरभर चालावे; जवळच्या बांधीवर गाडी नेऊच नये. कोणी बारीक होऊ लागला की गाव विचारते, "आजारी आहेस का?" तिकडे लक्ष देऊ नये. मार्कंड्याच्या जत्रेत किंवा लग्नात चार घास जास्त गेले, तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नेहमीचे सुरू करावे. एका दिवसाने हंगाम बुडत नाही.

एक इशारा. हे सारे वजन जास्त असलेल्यांसाठी आहे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, वाढती मुले, अशक्त माणसे यांनी खाणे कमी करू नये. सिकलसेल असलेल्यांनी आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. काही न करता वजन उतरत असेल, तर लगेच तपासून घ्यावे. उपकेंद्रात किंवा चामोर्शीच्या ग्रामीण रुग्णालयात जावे.

शंभर किलोच्या माणसाचे पाच किलो उतरले, तरी साखर आणि रक्तदाबाला उतार पडू शकतो. तेवढ्यासाठी पाच-सहा महिने लागतील. धानाला आपण तेवढा वेळ देतोच, शरीरालाही द्यावा.